वेदीशेजारचं भोक आणि सोमवारची ओल

मी आयुष्यात बरीच भोकं बुजवली. त्यातलं एक बुजवायचं नव्हतं. हे कळायला मला सात आठवडे लागले, आणि तोवर माझ्या शहाणपणामुळे एका म्हातारीची तीस वर्षांची किल्ली गेली होती.

माझं वय तेव्हा एकसष्ट. म्हणजे पोरच. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि आपल्याला सगळं कळतं हा आजार ऐन भरात होता. अशात रत्नागिरीतल्या एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. चर्च इंग्रजांच्या अमदानीतलं, त्यांच्याच अँग्लिकन पंथाचं. दोन हात जाडीच्या जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पूर्वेच्या टोकाला वेदी. पुढे वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, त्यामुळे आता पाळक, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, कुठल्याही परंपरेतला येतो. तेव्हाचे पाळकसाहेब नगरकडचे होते. माणूस तरुण, गोड, आणि इथे येऊन जेमतेम वर्ष झालेलं.

वेदीच्या उजव्या हाताला भिंतीत एक देवळी होती. म्हणजे दिवा ठेवायचा असतो तसा कोनाडा. पण हिच्या तळाला दगडात कोरलेली वाटी, आणि वाटीच्या मधोमध अंगठ्याएवढं भोक.

"ही दिव्याची असणार," मी म्हटलं.

सदू गवंडी पालीचा. माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेला, त्यामुळे माझा धाक नसलेला. तो म्हणाला, "दिव्याच्या वाटीला भोक कशाला ओ बाय? तेल जायचा ना गळून."

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मी आल्यापासून तिथे फुलदाणीच बघतोय, मॅडम."

झालं. मी निकाल दिला, उंदराचा रस्ता! आणि ग्राउटिंग करायला घेतलं. ग्राउटिंग म्हणजे सिमेंटचं पातळ दूध करून भिंतीतल्या पोकळ्यांमध्ये ओतायचं, ते आत जाऊन आवळतं. भोक अर्धी बादली प्यायलं. मी खूश. "बघ सदू, आत केवढी पोकळी होती!"

"व्हय. विहीरपण अशीच भरूक येईल," सदू म्हणाला.

वरून पांढरं सिमेंट फिरवलं, वाटी गुळगुळीत केली, फुलदाणी जागेवर ठेवली. बाहेरून भिंतीच्या पायाशी काँक्रीटचा पट्टा ओतला. त्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात, पावसाचं पाणी पायात मुरू नये म्हणून. फक्त वेदीमागे चाफ्याचं जुनं झाड होतं, तिथे मुळांसाठी वीतभर माती मोकळी सोडली.

शनिवारी मार्थाबाई आल्या. चौऱ्याहत्तरीच्या. वेदीची चादर, प्याला, ताटली, मेणबत्त्या हे सगळं त्यांच्याकडे. चांदीच्या वस्तूंच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांनी फुलदाणी उचलली आणि वाटीत बोट फिरवलं.

"इंजिनीअरबाई, इथलं भोक?"

"बुजवलं."

"मग पाणी?"

"वेस्ट्रीत नवीन सिंक बसवलंय ना! स्टीलचं. धुवा, नळ फिरवा, संपलं." वेस्ट्री म्हणजे पाळक झगा घालतात ती बाजूची खोली.

मार्थाबाईंनी सिंककडे बघितलं. बाजारात शिळी सुरमई ताजी म्हणून पुढे केली की बाई जशी बघते, तसं. मग फुलदाणी होती तशी ठेवली. मला वाटलं, पटलं.

एप्रिल लागला. आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि वेदीमागच्या माझ्या नव्याकोऱ्या प्लास्टरवर ओल! सोमवारी ताटाएवढी. गुरुवारी बशीएवढी. शनिवारी भिंत कोरडी खडखडीत. पुढच्या सोमवारी पुन्हा ताट.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी वार बघून येणारी ओल पाहिली नव्हती. पाइपलाइनची प्रेशर टेस्ट घेतली, म्हणजे पाणी कोंडून कुठे फुटतं का बघितलं. कुठेच नाही. कौलं काढून पुन्हा बसवली. वेस्ट्रीतली नवी फरशी फोडली, खाली धूळ निघाली. फरशी परत बसवली. वटवाघळांवरसुद्धा संशय घेतला.

पाळकसाहेब म्हणाले, "रविवारी उपासनेला माणसं जमतात, त्याने दमट होत असेल का?"

"चाळीस माणसांच्या श्वासाने भिंत भिजत नाही, साहेब."

"बघा हं. आमच्या मंडळीचं गाणं तसं रडकं आहे."

शेवटी एका रविवारी मी उपासना संपायच्या वेळी चाफ्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. माणसं पांगली. थोड्या वेळाने मार्थाबाई आल्या, कडेवर कळशी. चाफ्याच्या मुळाशी, भिंतीला लागून, हळूहळू ओतली. जांभा तो, ओल शोषून वर चढवणारच. आत गेल्या, पुन्हा कळशी. तीन वेळा.

"मार्थाबाई!" मी ओरडले. "आत नळ नाहीय का?"

"आहे की. तुम्हीच बसवलाय."

मी तशीच पास्टोरेट कमिटीपुढे गेले. चर्चचा कारभार बघणारी ही कमिटी, त्या दुपारी तिची बैठक होतीच. चोर सापडल्याच्या थाटात मी सगळं सांगितलं. सेक्रेटरींनी मार्थाबाईंना विचारलं, "यापुढे पाणी सिंकमध्ये टाकाल का?"

"नाही."

"का?"

मार्थाबाईंनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब टेबलाकडे बघत होते.

"टाकता येत नाही," मार्थाबाई म्हणाल्या. बस, एवढंच.

"मग किल्ली ठेवावी लागेल," सेक्रेटरी म्हणाले. मार्थाबाईंनी कमरेची किल्ली सोडली, पदराने पुसली, टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. मला वाटलं होतं भांडतील. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीचा पाया सुकवायला म्हणून चाफ्यापाशी खणायला घेतलं. दोन हात खाली सदूचा टिकाव खणकन वाजला. भाजलेल्या मातीची जुनी नळी! भिंतीतून बाहेर आलेली, आणि तोंड माझ्या सिमेंटने गच्च भरलेलं. पुढे गटार नाही, टाकी नाही, काही नाही. नळी निघते आणि मातीत संपते.

मी उकिडवी बसले. दोन हात जाड भिंतीतून कुणीतरी एवढ्या निगुतीने नळी खाली आणली होती, ती कुठेच न न्यायला?

"बाय," सदू वर बघत म्हणाला, "ही सरळ त्या देवळीखालना येता."

नळीचा तुकडा पिशवीत घालून मी मार्थाबाईंच्या घरी गेले. त्या मागल्या दारी बांगडे साफ करत होत्या. तुकडा बघितला, हात धुतले, मला पाट दिला.

"प्रभुभोजनात द्राक्षारस असतो," त्या म्हणाल्या. "त्यावर प्रार्थना झाली की आमच्या लेखी तो नुसता द्राक्षारस राहत नाही. उरला तर तिथेच पिऊन टाकायचा. प्याला खंगाळून तेही पाणी प्यायचं. पण प्याला पुसायचे रुमाल असतात ना, त्यांचं पाणी कोण पिणार? ते मातीला द्यायचं. गटारात नाही. वाटी त्याच्यासाठी. मला सासूने शिकवलं, तिला तिच्या वेळच्या मडमेने."

"मग काल बोलला का नाहीत?"

"साहेब खाली बघत होते. त्यांना ठाऊक नाही हे मला दिसलं. चारचौघांत ते मी कशाला दाखवू?"

 आमच्या घरी गणपतीचं निर्माल्य घंटागाडीत टाकलं म्हणून सुनेवर आठ दिवस रुसलेली बाई मी. तीर्थ घेतल्यावर हात केसांना पुसणारी. आणि या बाईला म्हणाले होते, नळ फिरवा, संपलं!

पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी नळीचा तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "आमच्या परंपरेत द्राक्षारस प्रभूची आठवण म्हणून घेतात, मॅडम. छोट्या छोट्या पेल्यांतून. यावरचे शेकडो वर्षांचे वाद मी परीक्षेला पाठ केले होते. काल मार्थाबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला एकही ओळ आठवली नाही." त्याच दुपारी ते स्वतः किल्ली घेऊन मार्थाबाईंच्या घरी गेले. उंबऱ्यातच म्हणाले, "मार्थाबाई, मला शिकवा."

"आधी आत या," मार्थाबाई म्हणाल्या. "बांगडा खाता ना?"

द्राक्षारसाचं प्रार्थनेनंतर नेमकं काय होतं, ते मला अजून उमगलेलं नाही. साहेब एक सांगत, मार्थाबाई दुसरं सांगत, आणि दोघं एकाच वेदीपुढे गुडघे टेकत. मी गोंधळले ती गोंधळलेलीच आहे. माझं काम नळीचं होतं, तेवढं केलं. आतलं सिमेंट निघेना, म्हणून सदूने तीन दिवस छिन्नी चालवून जुनी नळी काढली आणि खापराची नवी घातली, तिचं तोंड भिंतीपासून हातभर लांब मातीत नेऊन. कमिटीपुढे उभी राहून मी चूक माझी म्हणून सांगितलं. एकसष्टाव्या वर्षी शाळेत उभं केल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मार्थाबाईंनी वाटीत पाणी ओतलं. गुळगुळ करत गेलं. सोमवारी भिंत कोरडी, मंगळवारीही कोरडी. मी त्यांची माफी मागायला गेले. त्या प्याला पुसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जाऊ द्या हो, इंजिनीअरबाई. पण पुढच्या वेळी भोक दिसलं की आधी तांब्याभर पाणी ओतून बघा, मग सिमेंट."