मामानं सेनापती धुतला

माझ्या मामाचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे आणि न निघणारा डाग जगात नाही, असं त्याचं ठाम मत आहे. लग्नाला गेला तरी तो नवरदेवाचं तोंड बघत नाही, कॉलर बघतो.

मामीचा जीव मात्र बोटभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या सैन्यात. दर रविवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मोठ्या टेबलावर फासे टाकून लढाया होतात, तिथे तिची दहशत आहे. सैन्य शाळेपासूनचं. रंगावर रंग चढवून शिपाई इतके फुगले होते, की घोडा कुठे संपतो आणि स्वार कुठे सुरू होतो, हे तिलाच विचारावं लागे.

"आण इकडे, धुऊन देतो," मामा म्हणाला. "दुकानात याहून वाईट येतं."

आणि त्यानं एका भालेवाल्यावर दुकानातलं थिनर ओतलं. रंग गेला, हे कबूल केलं पाहिजे. भालेवालाही गेला. वाटीत चघळलेल्या च्युइंगमसारखा गोळा उरला.

"निघाला बाई डाग," मामी म्हणाली आणि आत निघून गेली.

मामाला ते फार लागलं. त्यात सेनापतीच्या रंगाचे टवके उडायला लागले. टवके उडालेला सैनिक टेबलावर चालत नाही, आणि रविवारी सामना मामीच्या धाकट्या बहिणीशी! तसा सेनापती आता कुठे मिळतही नाही. शेवटी मामीनं तो मामाच्या हातात ठेवला. "अहो, याला काही झालं, तर दुकानातच गादी टाका."

या वेळी मामानं औषधवाल्याला विचारून स्पिरिट आणलं, आधी एका मोडक्या घोड्यावर लावून पाहिलं. मग खिडक्या उघडून सेनापतीला झाकणाच्या बरणीत बुडवलं आणि समोर खुर्ची टाकून बसला. रंग मऊ झाल्यावर टूथब्रशनं हलक्या हातानं घासू लागला. हिरवा गेला. खालून निळा. त्याच्याही खालून जांभळा.

"हा जांभळा कुणी लावला गं?"

"मीच. कॉलेजात होते. तुम्ही घासा."

थोड्या वेळानं ब्रश थांबला. "अगं, इकडे ये जरा."

मामीचा आवाज एवढासा झाला. "वितळला?"

"नाही. हसतोय."

इतकी वर्षं तोंडात रंग साचून सेनापती खडूस दिसत होता. आम्ही त्याला घाबरायचो. आता पाहतो तर गडी तोंड फाडून हसत होता, दात वेगवेगळे मोजता येत होते. मामीनं भिंगातून पाहिलं आणि अशी हसली, की शेजारच्या काकू दारात आल्या.

शनिवारी तिनं त्याला पातळ रंगात नव्यानं सजवलं, आणि शेवटी बारीक ब्रश मामापुढे धरला. "दात तुम्ही रंगवा."

आयुष्यभर काढायचंच काम केलेला माणूस! श्वास रोखून, जीभ बाहेर काढून त्यानं ते पांढरे केले.

रविवारी मामी सपाटून हरली. बहीण म्हणाली, "ताई, मार खातानाही हसतो की गं हा!" मामाला त्याचं काय? तो भिंग घेऊन येईल त्याला टेबलाशी ओढत होता. "बघा, बघा. दात मी केलेत."