अक्काचा रुईफुली काठ

अक्का बोलता बोलता विणायची. एकीकडे शेजारणीशी वाद, दुसरीकडे दारातल्या भाजीवालीशी घासाघीस, आणि हातातला धोटा चालूच. पण लुगड्याच्या रुईफुली काठातलं एक फूल वाकडं जायचं नाही. कुठले धागे उचलायचे, कुठले सोडायचे, सगळं डोक्यात. एकतीस सालच्या सुमारास मी लग्न होऊन रत्नागिरीकडून सोलापुरात आले. शाळा तिसरीत सुटलेली, जीव कायम धास्तावलेला. हे गिरणीत गेले की मी समोरच्या घरी अक्काच्या मागापाशी जाऊन बसे. घरात ती तेलुगू बोले, माझ्याशी मराठी. "दारात काय उभी? आत ये की," पहिल्या दिवशी म्हणाली, आणि मी रोजच जाऊ लागले.

एका उन्हाळ्यात ती गप्प झाली. घरात कुणी गेलं नव्हतं, काही बिनसलं नव्हतं. धोटा हातात धरून नुसती बसे. विणलेलं उसवायची, पुन्हा चुकायची. माग आणि सूत दोन्ही कारखानदारांचं. ते येऊन म्हणाले, "अक्का, आळस लई गोड लागला वाटतं. आठ दिवसांत लुगडं झालं न्हाय, तर माग उचलून नेतो."

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "तीन धाग्यांनंतर चार येतंय, म्हाईत हाय गं मला. पर तितंवर जाताच येईना."

दुसऱ्या दिवशी मी ओंजळभर चिंचोके घेऊन गेले. तिच्याच जुन्या लुगड्यावरचं फूल मोजून, एका धाग्याला एक अशा चिंचोक्यांच्या ओळी मांडल्या आणि एकेक ओळ वाचू लागले. "तीन उचल, अक्का." ती उचलायची. मी घाईनं पुढचं सांगितलं की म्हणायची, "थांब. येकच सांग. दोन सांगितलंस की दोनी जातात."

सहाव्या दिवशी माझंच लक्ष उडालं. "पाच उचल," म्हटलं.

धोटा थांबला. "पाच कुटलं? तितं चार की."

मी ओळ मोजली. चारच! माझं नाचायचंच तेवढं बाकी होतं. पुढचे धागे तर तिनं मी सांगायच्या आधी उचलले. सातव्या दिवशी लुगडं मागावरून उतरलं.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच सुरू झालं. या वेळी कारखानदार आले तेव्हा तीच बोलली. मी दारातच उभी.

"मालक, डोकं परत बंद पडलंय. म्हैनाभर रुईफूल जमायचं न्हाय. साधा काठ द्या."

"सांगायला लाज न्हाय वाटत?"

"न्हाय. तुमचं सूत नासलं असतं, तर वाटली असती."

त्यांनी मागावरचं सूत चाचपून पाहिलं. मग नोकराला म्हणाले, "साध्या काठाचं सूत आण रे."

त्या संध्याकाळी मी यांना पहिल्यांदा सांगितलं, की इथं दिवसभर एकटीला मला भीती वाटते.

हे म्हणाले, "मग आधी का नाही बोललीस?"