वीस पट झूम आणि मालप्पा मामाची मेंढरं

माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनीच्या, लग्नाला नऊ दिवस उरले होते आणि मालप्पा मामाचा फोन तिसरा आठवडा बंद होता. पत्रिका मामाच्या गावी, खजुरीला पोचली होती, मामीनं तसा निरोपही धाडला होता. मामाचा मात्र आवाज नाही. आई रोज चहाच्या आधी फोन लावायची, पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई कन्नडमध्ये बोलायची आणि आई त्या बाईशीच भांडायची. शेवटी मी म्हटलं, पुरे झालं, मी जाते आणि मामाला घेऊन येते. एका जागी बसून राहणं मला जन्मात जमलेलं नाही, त्यामुळे घरात कुणाला नवल वाटलं नाही.

मामा न आल्यास एवढं काय बिघडतं, असं शहरातल्या वाचकांना वाटेल. आमची मूळ माणसं मेंढरांमागं फिरणारी. बाबा ब्याण्णव साली भोसरीला कारखान्यात लागले, मामा मात्र मेंढरं राखत राहिला. लग्नात मामा भाचीच्या पाठीशी उभा राहतो हे तर सगळीकडेच आहे. आमच्या घराण्यात तो अक्षता पडल्यावर मांडवात उभा राहून भाचीला एक मेंढीही देतो. मेंढी राहते मामाच्याच कळपात, पण ती आणि तिची पिल्लं त्या मुलीची. आईला तिच्या लग्नात तिच्या मामाकडून मिळाली होती, तिची पिल्लावळ पुढं मालप्पा मामाच्याच कळपात आली; मलाही मिळाली. पुण्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या बायकांची बीदर-गुलबर्ग्याच्या माळावर मेंढी आहे, याचा आम्हाला भलता रुबाब.

लग्नाचे फोटो काढायला म्हणून मी पगारातून साठवून वीस पट झूमचा कॅमेरा घेतला होता. तोही गळ्यात अडकवला. तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, असा लांब झूमचा कॅमेरा घ्यावा का? मला जे कळलं ते या प्रवासातच कळलं, म्हणून वाटेवर सांगत जाते.

पहिला दिवस: पुणे ते खजुरी

पहाटेची हैदराबाद गाडी पकडून उमरग्याला उतरले. तिथून आळंदच्या रस्त्याला काळी-पिवळी जीप, वीस रुपये, मांडीवर दुसऱ्याची पिशवी फुकट. रस्ता जेमतेम, पण दोन्ही बाजूंना करडई पिवळीधमक फुललेली. चालत्या जीपमधून फोटो काढायचा माझा उत्साह दहा मिनिटांत संपला. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं, खड्डे नाही सांभाळत.

खजुरीत मामी दारात ज्वारी पाखडत होती. मला बघून तिचा हात थांबला.

“कामून आलीस गं एवढ्या लांब? फोन करायचास की.”

“फोन कुणाला करू मामी? मामा कुठं हाईत?”

मामीनं सूप खाली ठेवलं. “मेंढरं करजगीकडं हायत. भीमेच्या अंगाला.”

तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक वाढलं. मी जेवताना ती लग्नाच्या साड्यांविषयी विचारत राहिली. मामाचं नाव निघालं की उठून चुलीकडं जायची. माझ्या ते ध्यानात आलं, पण मला पुढची गाडी गाठायची घाई. आळंदवरून संध्याकाळी अफझलपूर गाठलं. बसस्टँडजवळ लॉज, अडीचशे रुपये. बायकांसाठी ठीक आहे, कडी मात्र आतून तपासून घ्या.

दुसरा आणि तिसरा दिवस: करजगी

करजगीत उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. एका किराणा दुकानदारानं सांगितलं, तूर निघालेल्या रानात तीन-चार कळप बसलेत. शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं आणि त्याबद्दल धनगराला धान्य मिळतं. पण कोणता कळप कुठं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि काळ्या रानात ढेकळं तुडवत एकेक कळप गाठायचा तर दोन दिवस गेले असते.

मग माझं डोकं चाललं. मामाच्या मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण असते: शेपटीजवळ तांबडा गोल, त्यावर निळा पट्टा. लहानपणापासून पाहिलेली. गावाच्या पाण्याच्या टाकीचा जिना चढले आणि झूम शेवटपर्यंत ओढला. हाती काय लागलं? रान, झाडं, मेंढरं, सगळं उकळत्या पाण्यात टाकल्यासारखं हलत होतं. पहिला धडा लिहून घ्या: भर उन्हात जमिनीची वाफ तुमच्या झूमची वाट लावते. लांबचा फोटो सकाळी नवाच्या आत. चिडून मी डिजिटल झूमही चालू केला, तर मेंढराचं ठिपक्यांच्या रांगोळीत रूपांतर झालं. तो पर्याय मेनूत जाऊन कायमचा बंद करा.

त्यात सेल संपले. माझ्या कॅमेऱ्याला पेन्सिल सेल चार लागतात. गावातल्या दुकानात घेतलेले चार सेल तीस फोटोंत आडवे झाले. चार्जिंगच्या सेलचे दोन संच जवळ असल्याशिवाय घराबाहेर पडू नका. मी त्या संध्याकाळी अफझलपूरच्या लॉजवर खोलीतल्या एकुलत्या एका सॉकेटशी सेल चार्ज करत बसून होते आणि मनात एकच चाललं होतं, सात दिवस राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा टाकीवर. कोपरं कठड्यावर टेकली, श्वास धरला, बटण हलकेच अर्धं दाबलं. हवा स्वच्छ होती. पहिल्या कळपावर हिरवी खूण. दुसऱ्यावर काहीच नाही. तिसरा कळप जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, बाभळीपलीकडं, आणि तिथं तांबडा गोल, निळा पट्टा! मी जिन्यावरच ओरडले. दहा-बारा फोटो काढले, मेंढरांची तोंडं, कान, गळ्यातली घुंगरं, सगळं लख्ख. या कॅमेऱ्यावर घातलेले पैसे त्या क्षणी वसूल झाले असं मला वाटलं.

ढेकळं तुडवत पोचले तर कळपाशी अनोळखी माणूस. सिद्राम त्याचं नाव, वय चाळीसच्या आसपास, खांद्यावर घोंगडं.

“मालप्पा मामा कुठंयत?” मी विचारलं.

“मालप्पा अण्णा? ते आता कुठं मेंढरं राखायलेत, बाई.” तो माझ्याकडं बघतच राहिला. “दिवाळीत समदा कळप इकला न्हवं मला. गुडघे गेल्ते त्यांचे. ऊस वाढला, पडीक रान राहिलं न्हाई, हिंडायचं कुठं?”

“मग ते कुठंयत?”

“बीदरला. कोळारात कुठल्या तरी गोदामाच्या गेटवर हायत. तुमाला घरात सांगितलं न्हाई व्हय?”

मी मटकन बांधावर बसले. मी मामीला मामा कुठं विचारलं होतं आणि तिनं मला मेंढरं कुठं ते सांगितलं होतं. राग आला, मामीचा, मामाचा आणि स्वतःचाही. आईची मेंढी, माझी मेंढी, सगळं दिवाळीतच गेलं होतं आणि आम्ही पुण्यात रुबाब करत बसलो होतो. सिद्रामनं चहा दिला. तो मी उभ्यानंच प्याले आणि निघाले.

बीदरकडं

अफझलपूर ते गुलबर्गा, गुलबर्गा ते हुमनाबाद, हुमनाबाद ते बीदर. दिवसभरात तीन लाल गाड्या बदलल्या. गुलबर्ग्याच्या स्टँडवर सुसला आणि मिरची भजी जरूर खा, पंधरा रुपयांत पोट भरतं. चुरमुऱ्यांचा तो सुसला एरवी मला प्राण, त्या दिवशी अर्धा टाकून दिला. गाडीत खिडकी मिळूनही कॅमेरा पिशवीतून काढला नाही. बीदरला जाऊन किल्ला न बघता येणारी मी एकटीच असेन, तेव्हा किल्ल्याची माहिती माझ्याकडं मागू नका.

चौथ्या दिवशी सकाळी रिक्षानं कोळार, बीदरची औद्योगिक वसाहत. पत्र्यांचे कारखाने, गोदामं, ट्रकांची रांग. दोन-तीन ठिकाणी विचारल्यावर एका चहाटपरीवाल्यानं रस्त्यापलीकडं, लांबच्या गेटकडं बोट केलं. “नवा म्हातारा हाय एक. मालप्पा.”

सरळ चालत जायचं सोडून मी कॅमेरा डोळ्याला लावला. का, ते आजही सांगता येत नाही. झूम ओढला आणि मामाचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर आलं. खाकी शर्ट, कानांवर उतरलेली टोपी. गेटला छप्पर नव्हतं. खांबाची हातभर सावली होती आणि ती सरकेल तशी मामा खुर्ची सरकवत होता, तरी अर्धं अंग उन्हातच. एक मोटार आली. मामा गुडघ्यांवर हात दाबून उठला आणि त्यानं सलाम ठोकला. माझं बोट दाबलं गेलं. त्या फोटोची मला तिथल्या तिथं लाज वाटली.

जवळ गेले तर आधी त्यानं मलाही सलामच केला. मग ओळखलं.

“तू? कुनी सांगितलं गं तुला?” आणि लगेच, “अक्काला म्हाईत हाय का?”

अक्का म्हणजे माझी आई, त्याची थोरली बहीण.

“न्हाई. मामा, सुनीचं लगीन हाय. फोन का बंद करून बसलाव?”

“कोन्त्या तोंडानं येऊ, पोरी? अक्काची मेंढी बी इकली म्या. तुझी बी. तिला न इचारता. आन् आता सुनीला मांडवात काय देऊ, ही शिट्टी?” त्यानं गळ्यातली शिट्टी दाखवली.

मी खूप बोलले. भांडलेच म्हणा ना. सुनीच्या पाठीशी कोण उभं राहणार, आई रोज त्या कन्नड बाईशी भांडते, तुम्हाला शरम वाटते का, असं सगळं एका दमात. ट्रकवाले बघायला लागले. मामा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “येतो. पर अक्काला सांगायचं न्हाई. मेंढरं हायत असंच ऱ्हाऊ दे. न्हाईतर मी मांडवातनं उठून जाईन बघ.”

“आणि मेंढीचं?”

“तोंडानं सांगायची असती. सांगीन.”

मी शब्द दिला. त्यानं फोन चालू केला. उदगीर-लातूरमार्गे पुण्याला परतले. गाडीत पहिल्यांदा डोळा लागला.

लग्न

घरी पोचताच आईनं विचारलं, भेटला का? मी म्हटलं, भेटला, येतोय, मेंढरं झकास आहेत. आणि पुरावा म्हणून करजगीचे फोटो दाखवले. आईला मागच्या पडद्यावर फोटो मोठा करायचं बटण शिकवलं. ती एकेक फोटो मोठा करून, बोटानं सरकवत, बराच वेळ बघत राहिली. मग कॅमेरा परत दिला आणि म्हणाली, “चांगला हाय. लई बारीक दिसतंय ह्याच्यात.” मी खूश झाले, सुटले म्हणून.

मामा आदल्या दिवशी दुपारीच आला, नवं धोतर, गुलाबी पटका. अंतरपाटाच्या वेळी सुनीच्या पाठीशी ताठ उभा राहिला. अक्षता पडल्या. मग मेंढी देण्यासाठी तो मांडवात पुढं आला, माणसं गप्प झाली आणि मामाच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलत होते. मी कॅमेरा धरून समोर उभी.

“मालप्पा, थांब!” आई गर्दीतून मोठ्यानं म्हणाली. “सुनीला तुझ्यातली नको. माझ्या मेंढीची कोकरी दिली म्हन. तिची आई हाय मी, माझी बी हौस हाय.”

मामा तिच्याकडं बघत राहिला. “दिली,” तो म्हणाला. “अक्काच्या मेंढीची कोकरी सुनीला दिली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा खाली बसला आणि पटक्याच्या शेवानं तोंड पुसत राहिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी साड्या घड्या करत होतो. आई सहज म्हणाली, “पाठीवरचा रंग कुनी बी ठेवतंय गं. कान बघायचा असतो. आमच्या मेंढरांना डाव्या कानाला काप. तुझ्या फोटूत समद्यांच्या उजव्या कानाला नवा काप हाय. मालक बदलला की कान कापत्यात.”

माझ्या हातातली साडी तशीच राहिली. रंग दिसला म्हणून मी टाकीवर नाचले होते आणि कान माझ्याच फोटोत होते.

“आता कुठं असतो तो?” आईनं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “नको सांगू. शब्द घेतला असंल त्यानं. फकस्त एवढं सांग, सावलीत बसतो का उन्हात?”

“सावलीत,” मी म्हणाले.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. इतके दिवस लिहिलं नाही, कारण शब्द दिला होता. गेल्या महिन्यात मामानं आपणहून आईला फोन करून सगळं सांगितलं. आईनं असं नवल केलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. “अगं बया! समदी इकलीस? बरं केलंस, गुडघे सांभाळ.” फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. “सावलीत बसतो म्हनलीस न्हवं? तो म्हनतोय दोन वर्सं उन्हानं जीव जायलाय.”

काल तिनं मोठी काळी छत्री विकत आणली, शेंगाची चटणी बांधली आणि रात्री एकटीच बीदरच्या गाडीत बसली. मी कॅमेरा घेऊन निघाले होते, तर दारातच अडवलं. “तू नको येऊस. तुझा कॅमेरा नको असलेलं समदं दावतो,” म्हणाली. पोचल्याचा फोन आत्ताच आला. मागं ट्रकांचे आवाज होते आणि दोघं बहीण-भाऊ छत्री कुणी धरायची यावरून भांडत होते.