नकली चाकूची धार

धायरीत चाकूंचा छोटा कारखाना चालवणारे ते गृहस्थ पेटंटच्या कामासाठी आमच्या कोथरूडच्या ऑफिसात यायचे, आणि बसण्याआधी टेबलाची कड अंगठ्याने चाचपायचे. धार नसलेल्या वस्तूंची त्यांना कीवच येत असावी. पाकिटं फोडायची माझी पितळी सुरी त्यांनी एकदा हातात घेतली, "हिचा उपयोग काय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता परत ठेवली.

त्यांचा भाजी चिरायचा चाकू जर्मनीत खपायला लागला होता. त्याच्या बाकदार मुठीचं डिझाइन आम्ही तिथे वेळेवर नोंदवलं होतं, त्यामुळे बाजारात नक्कल आल्याचा ईमेल आला तेव्हा मी निर्धास्त होतो. तिथल्या वकिलाने एक नकली चाकू विकत घेऊन आमच्याकडे पाठवला. गृहस्थांनी तो आणि स्वतःचा असे दोन्ही चाकू डोळे मिटून हातात तोलले आणि नकली बरोबर बाजूला काढला.

"याचं वजन पुढे पडतंय," म्हणाले, आणि नीट बघायला तो घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी परत आणला, तेव्हा तो कागद सरसर कापत होता.

"अहो, धार लावलीत? हा पुरावा आहे."

"नोंदणी कशाची केलीत आपण?"

"मुठीच्या आकाराची."

"मग मूठ मोजून घ्या. तिला मी हात लावलेला नाही." त्यांनी चाकू वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यापुढे सरकवला. "पण माझी मूठ असलेला चाकू कोर्टात बोथट जाणार नाही."