छातीचं बीपी

आधी चहाचा कप खाली ठेवा, सांडेल. मग सांगते मी काय अक्कल पाजळली ते!

आमचे हे फॅक्टरीतून रिटायर झालेले. बीपी आहेच, वर फुफ्फुसांचं जुनं दुखणं. दोन जिने चढले की धाप. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "माताजी, इनके फेफड़ों का प्रेशर भी बढ़ा है. हाथ का बीपी अलग, फेफड़ों का अलग. दोनों का ध्यान रखना."

ठेवलं ध्यान! दुसऱ्या दिवशी सकाळी यांच्या हाताचं बीपी मोजलं, आणि मग मशीनचा पट्टा सरळ छातीला गुंडाळायला घेतला.

"अवं, काय करून राहिली?"

"बोलू नका. आकडा चुकते."

पट्टा पुरेना. मग परकराचा नाडा जोडला आणि पाठीवर गच्च गाठ मारली. बटण दाबलं. पट्टा घूंऽ करत फुगला, आणि पडद्यावर काय यावं? आकडा नाहीच. नुसता ई!

ई म्हणजे इमर्जन्सी, दुसरं काय असणार?

"अवं, मला काही होऊन नाही राहिलं!"

"तुम्हाला काय कळते? मशीन सांगून राहिली ना!"

घाईत गाठ सुटेना. तसंच नाड्यासकट, वरून शाल पांघरून त्यांना रिक्षात बसवलं. चेरीतालच्या आमच्या घरापासून सिविल लाइंसच्या दवाखान्यापर्यंत मी यांचा हात असा घट्ट धरला होता, की लग्नातही धरला नसेल. हे मात्र रिक्षावाल्याला सांगतायत, "आराम से चलो भैया, मैं ठीक हूँ."

डॉक्टरांनी शाल उचलली. नाडा बघितला.

"ये क्या है?"

"फेफड़ों का बीपी," मी रडकुंडीला आले, "ई आया है!"

बिचारे हसू दाबता दाबता लाल झाले. "माताजी, ई मतलब एरर! वो प्रेशर पट्टे से नहीं, इको की जाँच में दिखता है. आप दवा टाइम पर दीजिए, नमक कम रखिए. साँस ज़्यादा फूले या पैर सूजें, तो तुरंत आइए."

यांचं बीपी मोजलं, तर छान! मग म्हणाले, "अब आप हाथ दीजिए."

माझंच चढलेलं! घाबरल्यामुळे असेल म्हणून पुढे कितीदा तरी मोजलं, तरी वरच.

आता गोळी मलाही सुरू आहे. रोज सकाळी हे पट्टा घेऊन समोर बसतात आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "मॅडम, हातालाच बांधू ना?"