दोन्ही हात प्लास्टरमध्ये

मे महिन्यात चर्चच्या उपासनेहून परत येताना नागपुरात नंदनवनच्या वळणावर माझी स्कूटी घसरली आणि दोन्ही मनगटं मोडली. मी एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशात. दवाखान्यातून घरी आले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. दाराची कडीसुद्धा मला काढता येत नव्हती.

आमच्या मंडळीतली, कोराडीच्या कॉलनीत राहणारी एक बाई त्याच संध्याकाळी पिशवीत चार कपडे घेऊन आली. आमची ओळख महिला मंडळापुरती. माझ्या मुलीशी ती परस्पर बोलली होती. प्लास्टर निघेपर्यंत राहणार म्हणाली. आभार मानायचे सोडून मला वाटलं, हिने परत जावं.

तिने भरवलं, ते मी खाली बघत खाल्लं. आंघोळीला नको म्हटलं. संडासात मात्र तिच्याशिवाय जाता येईना, आणि त्या विचारानेच मी अंग चोरून बसायची. आयुष्यभर शाळेत शिकवलं, साडीची निरी कधी विस्कटू दिली नाही. शेवटी मी पाणी पिणंच तोडलं. तिने ग्लास तोंडाला लावला की एक घोट घ्यायचा आणि पुरे म्हणायचं. नागपूरचा मे. कूलर चालू असूनही जीभ टाळूला चिकटायची.

दोनेक दिवसांनी खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिच्या अंगावर कोसळले. ज्याची धास्ती होती तेच झालं. माझी साडी ओली झाली, तिचीही.

ती तशीच फरशीवर बसली. माझं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजत राहिली. मला जरा बरं वाटल्यावर तिने विचारलं, "पाणी काहून नाही पिऊन राहिल्या ताई?"

मी खरं ते सांगितलं. तिने चमचा बाजूला ठेवला.

"माझं ऑपरेशन झालं तवा मले बी असंच वाटत होतं. मी देवाले म्हणत होती, मदत कर, पण कोणाले पाठवू नको."

मी अगदी हीच प्रार्थना करत होते. संडे स्कूलच्या मुलांना मी किती वर्षं शिकवलं, की प्रभूची कृपा कमवावी लागत नाही, नुसती घ्यायची असते. आणि मला पाण्याचा ग्लास घेववत नव्हता.

मग तिने मला न्हाऊ घातलं. मी डोळे मिटून रडत होते. नाक पुसायलाही हात नव्हते. तेही तिनेच पुसलं.

रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर घेऊन घरी आले. एरवी मी ओंजळ पुढे करायची. त्या दिवशी लहान मुलासारखं तोंड उघडलं आणि त्यांनी भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवला. प्रभूकडून तारण मिळालं तेव्हा तरी माझ्या हातात काय होतं, असं मनात आलं आणि मान वर करवेना.

प्लास्टर निघाल्यावर ती बसने कोराडीला गेली. फरशीवर काय झालं ते तिने मंडळीत कुणाला सांगितलं नाही, इतकं मला ठाऊक आहे. तरी रविवारी ती दारातून आत येताना दिसली की आधी माझे कान तापतात. मग मी बाकावर सरकून तिला जागा करते.