हलवलं की कॉपी केलं?

"पोरगी शांत आहे हो, पण सकाळी कंप्युटर पुसताना काय दाबलं देव जाणे. तुमचं लायसन्सच गेलं!"

सासूबाई स्वयंपाकघरात मामंजींना सांगत होत्या. मी दाराबाहेर, हातात सुंडलची, म्हणजे नवरात्रातल्या हरभऱ्याच्या उसळीची वाटी! लग्नाला वर्षही नाही झालं, पण घरात कंप्युटर एकच असला की किस्से साचायला वर्ष लागतंय कशाला?

*

तंजावूरच्या आमच्या या कंप्युटरमध्ये नवऱ्यानं तीन व्हर्च्युअल मशीन्स करून ठेवली आहेत. म्हणजे डबा एक, आत तीन वेगळे कंप्युटर: मामंजींचा, मुरलीभाऊजींचा आणि माझा.

आयुधपूजेला सासूबाई म्हणाल्या, "आत तिघं आहेत ना? मग कुंकू एकालाच कसं?"

डब्याला तीन टिळे!

*

मामंजी ट्रेझरीतून रिटायर झालेले. आता पत्रिका जुळवतात. सॉफ्टवेअर जुनं, लायसन्स एकाच मशीनचं.

मुरलीभाऊजी म्हणाले, "अप्पा, माझ्या लॅपटॉपवर पण टाकू?"

"एका रेशनकार्डावर दोन चुली? सरकारी नोकरी केलीय रे मी!"

*

पूजेत ठेवलेल्या वस्तूला विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही. नेमका तेव्हाच मामंजींकडे पत्रिका दिलेल्या एका मुलीच्या वडिलांचा पापनाशमहून फोन, "उद्या सकाळी येतो, पत्रिका तयार ठेवा."

भाऊजींनी मामंजींच्या मशीनचा बॅकअप घेतलेला होता. मामंजींनी बराच विचार केला. "मूळ मशीन देवीपुढे झोपलंय. म्हणजे चालू एकच. चोरी नाही!"

लॅपटॉपवर बॅकअप उघडला. स्क्रीननं विचारलं, मशीन हलवलं की कॉपी केलं?

"खोटं कशाला बोला?" मामंजींनी 'कॉपी केलं' दाबलं.

झालं! ते स्वतःला नवीन मशीन समजलं आणि लायसन्स नाकारून बसलं. मग सगळ्यांना आठवलं, पूजेआधी कंप्युटर पुसला होता मी.

*

विजयादशमीच्या सकाळी पूजा उतरली तरी लायसन्स गेलंच म्हणून कंप्युटरला कोणी हात लावेना. पाहुणे हॉलमध्ये येऊन बसलेले. मामंजी आत कुजबुजले, "शब्द दिला होता गं. आता काय तोंड दाखवू?"

मी जाऊन त्यांचं मूळ मशीन सुरू केलं. सॉफ्टवेअर मुकाट उघडलं. लायसन्स जिथल्या तिथे! नाकारलं होतं ते कॉपीला. मुळाला काहीच झालं नव्हतं.

पत्रिका जुळल्या. पाहुणे खुशीत गेले. मामंजींनी केवढा मोठा श्वास सोडला! मीही.

सासूबाई म्हणाल्या, "अय्यो, ठाऊक होतं तर कालच का नाही बोललीस?"

"अत्या, कंप्युटरनं निदान विचारलं तरी. मला कोणी विचारलंच नाही!"